बिग बँडनंतर काय ऐकावं? (१९४२ ते १९५०)

खमाज_काफी:
बिग बँड, म्हणजे वादकांचे मोठे ताफे, ग्लेन मिलर, बेनी गुडमन वगैरे भरपूर ऐकून झालं. आता त्याच्या पुढचं, रॉक अँड रोल यायच्या आधीचं अमेरिकन पॉप्युलर संगीत ऐकायचंय. शोधायला जावं तर जिथे तिथे गायक-गायिकाच. एवढे बँड गेले कुठे? सुरुवात कशाने करू? फार गुळमट नको.

तबकडीवाला:
गुळमट नको आणि १९४५ नंतरचं पॉप हवं, कठीण आहे तुमचं! असो. 'ऑल ऑर नथिंग अ‍ॅट ऑल' लावा. १९३९ मध्ये हॅरी जेम्सच्या बँडने रेकॉर्ड केलं तेव्हा लेबलवर मान बँडचा, सिनात्रा नावाचा पोरगा नुसता 'गायक'. फारसं खपलं नाही. १९४३ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने तेच रेकॉर्डिंग सिनात्राचं नाव वर छापून पुन्हा काढलं आणि धो धो खपलं. सूर एकही बदललेला नाही.

मधे घडलं ते असं: १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकन वादक संघटनेने, तिचा अध्यक्ष पेट्रिलो, रेकॉर्डिंग बंद पाडलं. तबकड्यांमुळे वादकांची कामं जातात, तर कंपन्यांनी त्याचे पैसे मोजावेत, ही मागणी. गायकांना ही बंदी लागू नव्हती. मग कंपन्यांनी गायकामागे नुसता कोरस उभा केला. डिक हेम्सचं 'यूल नेव्हर नो' (१९४३) ऐका, एक वाद्य नाही. व्हायोलिनच्या जागा माणसं 'ऊऽऽ' करून भरतायत. कंपन्यांपैकी डेका १९४३ मध्येच नमली, कोलंबिया आणि व्हिक्टरने नोव्हेंबर १९४४ पर्यंत ताणलं. तोवर गिऱ्हाईक गायकाच्या नावाने रेकॉर्ड मागायला लागलं होतं.

मंद्रसप्तक:
सगळं खापर संपावर नको. पंधरा-सोळा वादकांचे पगार, गावोगावचा प्रवास, त्यात १९४४ पासून नाचगाण्याच्या जागांवर जबर कर. डिसेंबर १९४६ मध्ये गुडमन, जेम्स, टॉमी डॉर्सी, वुडी हर्मन, लेस ब्राउन, एकामागून एक सगळ्यांनी बँड मोडले. काहींनी नंतर पुन्हा जमवले म्हणा.

हर्मनच्या नव्या बँडचं 'फोर ब्रदर्स' चुकवू नका. तीन टेनर आणि एक बॅरिटोन सॅक्सोफोन असे काही एकजीव वाजतात! २७ डिसेंबर १९४७ चं रेकॉर्डिंग. १ जानेवारीपासून पेट्रिलोची दुसरी बंदी लागू होणार होती, म्हणून घाई. आणि गुळमट नको असेल तर गायक-सॅक्सोफोनवादक लुई जॉर्डन, 'चू चू च'बूगी' (१९४६). मोजकी माणसं, पण पाय स्वस्थ बसत नाहीत.

गिरगावकर:
बँडवाल्या ड्यूक एलिंग्टनने बँड मोडला नाही हो! गाण्यांच्या रॉयल्टीतून पोसला. आणि आपल्याकडे हा सगळा मालमसाला सी. रामचंद्रांनी उचललाच की. 'अलबेला'त (१९५१) ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट बँडसकट पडद्यावर दिसतो.

खमाज_काफी:
हेम्स ऐकला. आवाज छान, पण तो कोरस दोन मिनिटांच्या वर सोसवत नाही. जॉर्डन मात्र जबरी! त्याचं अजून काय?

मंद्रसप्तक:
'कॅलडोनिया', १९४५. आवाज जरा बेताने ठेवा, मधेच किंचाळतो.