जॅझ बंद झाली. तिच्या जागी तुम्ही कोणती गाडी घेतली?

आमच्या घरी होंडा जॅझ आहे, 2016ची, पेट्रोल. एप्रिल 2023मध्ये बीएस 6 या प्रदूषण-नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला, त्या सुमारास ती बंद झाली. आता गाडी बदलायची आहे. शोरूममध्ये सगळेच "तशीच आहे साहेब" म्हणतात, म्हणून वापरणाऱ्यांना विचारतोय.

आमचा सोलापुरात चादरी-टॉवेलचा धंदा, अक्कलकोट रोड एमआयडीसी ते चाटी गल्ली फेऱ्या चालूच. जॅझची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटांखाली आहे, त्यामुळे मागच्या सीटची बैठक वर उचलून पाठीला टेकवता येते. तिथे चादरींचा गठ्ठा उभाच्या उभा राहतो, डिकी मोकळी राहते आणि बाबा पुढे आरामात बसतात. ही सोय मला जिवापेक्षा प्यारी आहे. तुम्ही काय लादता, मागे कोण बसतं, तेही लिहा.

होटगी रोड
आमचीही जॅझच होती, आता अल्ट्रोझ डिझेल. मागची दारं जवळजवळ 90 अंशांत उघडतात. आई नऊवारीत असते. आधी टेकून बसायचं, मग पाय आत घ्यायचे, एवढं तिला सहज जमतं. ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत 2020 साली पाच तारे मिळालेत, घरच्यांचा होकार त्यावरच आला. डिकी 345 लिटर, कागदावर जॅझच्या जवळपास. पण दादा, तुमचा गठ्ठा उभा राहणार नाही. पाठ पुढे पडते, बैठक वर जात नाही. गठ्ठा आडवाच घालावा लागेल, आणि डिकीची कड उंच असल्यामुळे आधी तो उचलावाही लागेल. सीएनजीचा विचार असेल तर दोन सिलिंडर खाली बसवलेत, तरी डिकी 210 लिटरच उरते. धंद्याला ती पुरायची नाही.

सैफुल
आय20. मे महिन्यात पारा 43च्या वर गेला की मागे बसलेल्या पोरांना एसीची हवा थेट मिळते, बास. जॅझला मागे एसीचे व्हेंट नव्हते.

जुळे सोलापूर
माझं मत वेगळं आहे. जॅझसारखी गाडी बलेनो, ग्लँझा, आय20 यांच्यातच शोधायची असं सगळे धरून चालतात. (बलेनो आणि ग्लँझा मुळात एकच गाडी, किंमत आणि वॉरंटी तेवढी ताडून बघा.) जॅझ आवडायची ती ताठ बसता यायचं म्हणून, छत डोक्याला लागत नाही म्हणून. मग सरळ वॅगनआर बघा. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बाकीच्या गाड्यांत ते हात धरून खाली उतरल्यासारखे बसत. हिची सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला येते, नुसतं वळून बसतात. डिकी 341 लिटर. तुळजापूर, अक्कलकोट आमचं नेहमीचं. उंच गाडीला हायवेवर कडेचा वारा जाणवतोच, बेताने चालवायची. आतलं सामान जॅझइतकं देखणं नाही, हे मान्य. पण वडीलधाऱ्यांना घेऊन फिरायचं असेल तर मी पुन्हा हीच घेईन.

विजापूर रोड, गॅरेज
मालक, गाडी विकायची घाई कशाला? जॅझचं 1.2 पेट्रोल इंजिन होंडाच्या अमेझच्याच घराण्यातलं आहे. फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड यांची अडचण नाही. बंपर, दिवे असे बॉडीचे भाग लागले तर आधी चौकशी करून मागवा. सीव्हीटी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल वेळेवर, आणि त्याच दर्जाचं. ते टाळलंत तर खर्च मोठा येतो. नवीच घ्यायची तर 22 सप्टेंबर 2025पासून लहान गाड्यांचा जीएसटी 18 टक्के झालाय, जुन्या कोटेशनवर जाऊ नका.

सात रस्ता
मी पुण्याहून जुनी जॅझच आणली, एमएच 12 पासिंगची. राज्य एकच, त्यामुळे नंबर तोच राहतो. फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलून घ्यायचं. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि बघायला जाल तेव्हा मागची बैठक उचलून खालची जमीन हाताने चाचपा. ओल, गंज किंवा चिखलाचा थर लागला तर पाणी शिरलेली गाडी असू शकते. बैठक खाली पाडल्यावर खटक्यात नीट बसते का, तेही पाहा. तुमचा गठ्ठा तिथेच राहणार आहे.