सेलेनियम: बटण डोळ्यासमोर आहे, पण टेस्टला ना सापडतंय ना दाबता येतंय

लातूर_टेस्टर
नमस्कार मंडळी. शेतकरी नोंदणीच्या एका पोर्टलची टेस्ट पायथन-सेलेनियममध्ये (सेलेनियम म्हणजे ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) लिहायलोय. जिल्हा लातूर निवडला की तालुके (औसा, निलंगा, उदगीर…) लोड होतात. तालुका निवडून 'शेतकऱ्यांची यादी' बटण दाबायचं, एवढंच. पण:
१) मजकुरावरून एक्सपाथ (पानातला घटक, म्हणजे एलिमेंट, शोधायचा पत्ता) लिहिला तर 'नो सच एलिमेंट', म्हणजे सापडतच नाही. बटण आयफ्रेममध्ये (पानातल्या वेगळ्या पानात) नाही, तपासलंय.
२) आयडीने सापडतं, पण 'क्लिक इंटरसेप्टेड' (क्लिक मध्येच अडला). 'एलिमेंट टू बी क्लिकेबल'ची वेट (अट पूर्ण होईपर्यंत थांबायची आज्ञा) लावलेली आहे, तरी.
३) तालुका निवडताना मधूनच 'स्टेल एलिमेंट' (हातातला घटक पानातून गेलेला).
पाच सेकंदांची स्लीप (ठोक थांबा) टाकली की बहुतेकदा चालतंय. सरळ जावास्क्रिप्टने क्लिक मारू का?

गोदाकाठ_नांदेड
जावास्क्रिप्टचा क्लिक नको. तो बटणावर काय आडवं आलंय ते बघतच नाही. वापरकर्त्याला बटण दाबता येत नसलं तरी तुमची टेस्ट पास होईल. मग टेस्ट कशाला लिहायची?

'क्लिकेबल' हे नाव फसवं आहे. ती वेट दोनच गोष्टी बघते: एलिमेंट दिसतंय का आणि इनेबल आहे का. वर लोडरचा ('लोड होतंय' दाखवणारा) पडदा असला तरी ती होकार देते. प्रत्यक्ष क्लिक एलिमेंटच्या मध्यबिंदूवर होतो आणि त्या बिंदूवर दुसरं काही असलं की इंटरसेप्टेड. क्रोमच्या एररमध्ये 'अदर एलिमेंट वुड रिसीव्ह द क्लिक' याच्या पुढे आडव्या आलेल्या डिव्हचा (पानातल्या चौकटीचा) क्लास छापलेला असतो. आधी तो वाचा.

लोडर असेल तर तो जाईपर्यंत 'इनव्हिजिबिलिटी'ची वेट लावा. चिकटलेला फूटर असेल तर गोष्ट वेगळी. एलिमेंट पडद्याबाहेर असलं की वेबड्रायव्हर (सेलेनियमचा ब्राउझर चालवणारा भाग) ते खिडकीच्या खालच्या कडेला येईल इतकंच स्क्रोल करतो, म्हणजे नेमकं फूटरखाली. अशा वेळी बटण मधोमध आणायला आधी जावास्क्रिप्टचं 'स्क्रोलइंटूव्ह्यू' ब्लॉक सेंटर देऊन चालवा, मग नेहमीचा क्लिक. जावास्क्रिप्ट एवढ्यापुरतं चालेल.

परभणी_क्यूए
पहिल्या भानगडीत मला 'ऱ्या'चा संशय आहे. पडद्यावर तोच दिसणारा 'ऱ्या' तीन तऱ्हांनी टाइप झालेला असू शकतो: एकसंध ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१) आणि हलन्त, र, नुक्ता (०९३०, ०९३सी) आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह (०९३०, ०९४डी, २००डी). एक्सपाथ हे क्रमांक (कोडपॉइंट) जुळवतो, अक्षराचा आकार नाही. आयडीने बटण घ्या आणि त्याच्या मजकुरातल्या प्रत्येक अक्षरावर 'ऑर्ड' (क्रमांक सांगणारं पायथनचं फंक्शन) चालवून बघा.

दुसरी शक्यता: मजकूर बटणातल्या स्पॅनमध्ये (आतल्या टॅगमध्ये) असेल, तर बटणाच्या 'टेक्स्ट()'शी तुलना करून जुळणार नाही. 'नॉर्मलाइझ-स्पेस(.)' (आतला सगळा मजकूर, जादा स्पेस काढून) वापरा. नॉन-ब्रेकिंग स्पेस मात्र तोही काढत नाही.

लातूर_टेस्टर
दादा, बरोबर धरलंत. पानात २००डी निघालाय, माझ्या कीबोर्डवरून ०९३१ येतोय. युनिकोड नॉर्मलाइझ (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक) करून भागेल का?

परभणी_क्यूए
नाही. एनएफसीने (नॉर्मलाइझच्या नेहमीच्या पद्धतीने) पहिल्या दोन तऱ्हा एक होतात, जॉइनरवाली तशीच राहते. आणि एक्सपाथ ब्राउझरमध्ये चालतो, तिथे नॉर्मलाइझ करायची सोयच नाही. आयडी आहे तर तोच धरा. नसता तर डेव्हलपरकडून डेटा-टेस्टआयडी (टेस्टसाठीच लावलेली खूण) मागून घेतला असता. लेबल बरोबर आहे का, हे वेगळ्या टेस्टमध्ये तपासा.

गोदाकाठ_नांदेड
स्टेलचं राहिलं. जिल्हा बदलला की तालुक्यांचे ऑप्शन नव्याने बनतात आणि तुमच्या हातातला संदर्भ जुन्या नोडचा राहतो. जिल्हा निवडण्याआधी जुना पहिला ऑप्शन व्हेरिएबलमध्ये ठेवा, निवडल्यावर त्यावर 'स्टेलनेस ऑफ' (तो पानातून जाईपर्यंतची वेट) लावा, मग 'उदगीर' असलेला ऑप्शन येईपर्यंत थांबा आणि ड्रॉपडाउन नव्याने शोधा. इथे नुसत्या लोडरवर विसंबू नका. तो उगवायच्या आधीच वेट चालली तर 'लोडर नाही' म्हणून लगेच पुढे जाते.

सेलेनियमचा 'सिलेक्ट' क्लास फक्त खऱ्या सिलेक्ट टॅगवर चालतो. डिव्हचा बनवलेला ड्रॉपडाउन असेल तर आधी उघडायला क्लिक, मग पर्यायावर क्लिक.

इम्प्लिसिट वेट (प्रत्येक शोधाला आपोआप लागणारी) कुठे ठेवली असेल तर काढून टाका. एक्स्प्लिसिट (ठरावीक अटीसाठी लावलेल्या) वेटबरोबर मिसळली की किती वेळ थांबेल याचा भरवसा राहत नाही. एक्स्प्लिसिट दर अर्ध्या सेकंदाला तपासते, तेवढं पुरे. आणि ही टेस्ट सर्व्हरवर हेडलेस (ब्राउझर पडद्यावर न दाखवता) चालणार असेल तर विंडो-साइझ १९२०,१०८० द्या, नाहीतर खिडकी छोटी उघडून मोबाइलचा मेनू येतो आणि बटण दडतं.