मुशी खाणं आपण थांबवावं का? कराड-सांगलीच्या मासेखाऊंसाठी

कोयनाकाठ:
कुंभार्ली घाटातून कराडला आणि पुढे सांगली-मिरजेला जी मासळी येते, तिच्यात मुशीही असते. मुशी म्हणजे शार्कच. माझं मत स्पष्ट आहे, आपण ती मागणं बंद करावं. 1970 पासून खुल्या समुद्रातले शार्क आणि रे मासे 71 टक्क्यांनी घटले, असा अभ्यास 2021 मध्ये 'नेचर'मध्ये आला. कारण एकच, बेसुमार मासेमारी. बांगडा वर्ष-दोन वर्षांत वयात येतो, अंडी लाखांनी घालतो. मोठ्या जातींच्या शार्कना वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात आणि पिल्लंही मोजकीच होतात. 2013 मध्ये बँकॉकला सायटिस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांनी हातोड्यासारख्या डोक्याच्या कानमुशीच्या व्यापारावर नियंत्रण आणलं. 2022 मध्ये पनामाला मुशीचं जवळजवळ सगळं मोठं कुटुंबच त्या नियंत्रणाच्या यादीत गेलं. जग एवढं करतंय, तर आपण घाटावरचे लोक निदान ताटापुरतं तरी ठरवू.

रत्नागिरीचा जावई (मिरज):
दादा, माझी सासुरवाडी मच्छीमारांची. मुशीसाठी म्हणून आमच्याकडे कुणी होडी काढत नाही. जाळं टाकलं की इतर मासळीबरोबर तीही येते, आणि वर येईपर्यंत बहुतेक वेळा मेलेली असते. मग ती परत पाण्यात फेकायची का? 2015 मध्ये केंद्राने शार्कच्या परांची निर्यात बंद केली. त्याचा फटका छोट्या नौकेवाल्याला बसला, दुसरं कमाईचं साधन त्याला कुणी दिलं नाही. इकडे महिनोन्‌महिने समुद्रात राहणारी परदेशी जहाजं सरकारी अनुदानावर चालतात. 2022 च्या जूनमध्ये जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेत मत्स्य अनुदानांवर करार झाला, पण बेसुमार मासेमारीला बळ देणाऱ्या ज्या अनुदानांचा खरा वाद, तो भाग बाजूलाच राहिला. भारत छोट्या मच्छीमारांची अनुदानं चालू ठेवायला 25 वर्षांची मुदत मागतोय, ते रास्तच आहे. आधी त्या परदेशी जहाजांना आवरा, मग आमच्या कालवणाकडे बघा.

मत्स्यविद्यार्थी:
एक दुरुस्ती. सायटिसच्या परिशिष्ट 2 मध्ये जात गेली म्हणजे तिच्यावर बंदी आली, असं नाही. निर्यात करायची तर परवाना लागतो, आणि त्या व्यापारानं जातीला धोका नाही हे शास्त्रज्ञांनी आधी सांगावं लागतं. देशात खाण्याशी त्या कराराचा संबंध नाही. आपल्याकडे पूर्ण संरक्षण आहे ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या जातींना. देवमाशाएवढा वाढणारा बहिरी शार्क 2001 पासून तिच्यात आहे. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापावं लागलं, तर महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंत भरपाई मिळते. शिवाय कोकण किनाऱ्यावर जी छोटी, चपट्या नाकाची मुशी मिळते, ती लवकर वयात येते आणि पिल्लंही बऱ्यापैकी देते. तिला आणि कानमुशीला एका मापाने मोजू नका.

कोयनाकाठ:
शास्त्र मान्य. पण मंडईत मुशी बऱ्याचदा सोललेली आणि तुकडे केलेली मिळते. त्यात कानमुशीचं पिल्लू किती आणि छोटी मुशी किती, हे तुम्ही तरी सांगू शकाल? कानमुशीची पिल्लं सुरुवातीला किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच वाढतात, म्हणजे नेमकी छोट्या जाळ्यांच्या टप्प्यात. आणि "आधी परदेशी जहाजं आवरा" म्हणताना हेही बघा, की शार्क पकडणाऱ्या देशांत इंडोनेशिया, स्पेनबरोबर भारतही वरच्या रांगेत आहे. आपण नुसते प्रेक्षक नाही.

वाळव्याचा पाटील:
समुद्राचं राहू द्या, आधी कृष्णा-वारणेचं बघा की. पहिल्या पावसात चढणीचं मासं अंड्यानं भरल्यालं असत्यात, तेवढंच लोकं गाठून धरत्यात. आमच्या आज्याच्या काळात नदीला जेवढं मासं होतं तेवढं आता दिसत न्हाईत. शार्कचं दुखणं तेच हाय, पिल्लं द्यायच्या आधीच उचलायचं. समुद्रावर 1 जून ते 31 जुलै बंदी पाळत्यात, नदीवर कोण पाळतंय?

सांगलीची सून:
माहेरी बाळंतिणीला मुशी आवर्जून देतात, दूध येतं म्हणून. मलाही दिली होती. पण शार्क इतर मासे खाऊन जगतो, त्यामुळे त्याच्या अंगात पारा साठतो, मोठ्यात जास्त. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी शार्क टाळावा, असा सल्ला अमेरिकेतलं अन्न-औषध प्रशासन देतं. जावेच्या वेळी मी घरात मुशी आणू दिली नाही. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, तरी पुन्हा तेच करेन. शार्क वाचो न वाचो, बाळंतिणीचं ताट तरी यातून बाहेर काढा.

रत्नागिरीचा जावई:
ताई, बाळंतिणीचं पटलं, तिथे वाद नाही. पण कोयनाकाठ, कराडने मुशी घेणं सोडलं तरी मासळी तशीच जाळ्यात येणार. घाटावर गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर ती कमी भावात सुकवायला किंवा कुटी (मासळीची भुकटी) करायला जाईल. शार्क एकही वाचणार नाही, फक्त मच्छीमाराच्या हातात कमी पैसे पडतील. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडायचा किमान आकार ठरवून दिला. जाळ्याचा आस (भोकाचा आकार) आणि मासळीचा आकार बंदरावरच तपासला तर पिल्लं वाचतील.

कोयनाकाठ:
बंदरावर तपासणी व्हावी, अगदी मान्य. पण लहान मासळीला गिऱ्हाईक तयार असलं की ती तपासणी रोज चुकवली जाते. भाव पडला की मालक स्वतःच मोठ्या आसाचं जाळं घेतो.

रत्नागिरीचा जावई:
भाव पडला की मालक जास्त फेऱ्या मारतो, डिझेलचं कर्ज फेडायला. हे मी घरात बघतो.