यंदा आमच्या महालक्ष्म्या राहिल्या, सासूबाईंसाठी काय करता येईल?

थोरली_सून_इंदूर
२२ नोव्हेंबर

नमस्कार सगळ्यांना. श्रावणानंतर इथे फिरकलेच नाही, घरात एकामागून एक इतकं चाललं होतं की लिहायला बसणं झालंच नाही. आज शनिवार, घरात सगळे झोपलेत म्हणून निवांत लिहितेय, जरा लांबेल.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, तो २७ ऑगस्टला बसला आणि २८ ला गेला. ३१ ला महालक्ष्म्या (म्हणजे ज्येष्ठा गौरी) यायच्या होत्या. आमच्या उभ्या असतात, पितळी मुखवटे, आजेसासूबाईंच्या सासूबाईंपासूनचे. आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) फुलोरा करून ठेवला होता, करंज्या, वेणी-फणी, पापड्या सगळं सोवळ्यात. शीतलामाता बाजारातून दोघींच्या दोन साड्या आणल्या होत्या, एक हिरवी आणि एक जांभळी, त्यासाठी आई माझ्याबरोबर तीन दुकानं फिरल्या, गुडघे दुखत असताना. शनिवारी सकाळी मी आणि हे चोइथराम मंडीतून सोळा भाज्या घेऊन आलो. आणि शनिवारी रात्री साडेदहाला बडोद्याहून धाकट्या दिरांचा फोन, मुलगी झाली! तारीख खरं तर सप्टेंबरच्या मध्याची होती.

आनंद तर इतका झाला की मी आणि माझी लेक स्वयंपाकघरात नाचलोच. पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की आई देवघराच्या दारात बसून आहेत. सोयर. दहा दिवस. बाळ बडोद्याला झालं तरी भाऊबंदकीचं सोयर आपल्याला इथे लागतंच, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आवाहन नाही. फुलोऱ्याचे डबे समोरच्या वहिनींकडे दिले, भाज्या तीन घरांत वाटल्या, मुखवटे पेटीतच.

आई १९७६ साली लग्न होऊन ह्या घरात आल्या. मधे एकदाच महालक्ष्म्या राहिल्या होत्या, सासरे गेले त्या वर्षी. पण तेव्हा घरच दुःखात होतं, कोणी विचारलं नाही आणि आईंनाही वेगळं काही वाटलं नाही. यंदा सगळे फोन करून म्हणायचे, अहो काकू, साक्षात लक्ष्मीच आली की तुमच्याकडे, आता कशाला वाईट वाटायचं! आणि आई हसून हो हो म्हणायच्या. पण १ सप्टेंबरला, पूजनाच्या दिवशी दुपारी, त्या मागच्या खोलीत त्या दोन साड्या मांडीवर घेऊन रडत होत्या, मी पाहिलं. मला म्हणाल्या, धाकटीला कळू देऊ नकोस, तिला वाटेल तिच्यामुळे झालं. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

पुढचं भरभर सांगते. सोयर फिटायच्या आदल्या रात्री खग्रास चंद्रग्रहण, ते फिटलं की लगेच पितृपक्ष, त्यामुळे बारसं बाराव्या दिवशी झालंच नाही, दसरा झाल्यावर ५ ऑक्टोबरला बडोद्याला केलं. आईंनी पाळणा म्हटला, कुंची मी शिवली, आत्याबाईंनी कानात नाव सांगितलं. दिवाळीत नेहमीचा गोंधळ, २० तारखेला पहाटे आमचं अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी सगळ्या गल्लीचं लक्ष्मीपूजन, आमचं मात्र पंचांगाप्रमाणे २१ ला. माझी लेक दोन्ही दिवस शेजाऱ्यांकडे आणि घरी फराळ खात होती, तिची मजा झाली. मग पाडवा, भाऊबीज, तुळशीचं लग्न. सगळं छान झालं, आई सगळ्यात होत्या, पण दर वेळी पूजेची पेटी उघडली की मुखवट्यांच्या फडक्यावर एकदा हात फिरवतात आणि पेटी बंद करतात.

तर प्रश्न असा की ह्या वर्षात अजून काही करता येतं का, शास्त्राला धरून? पुढच्या भाद्रपदापर्यंत थांबायचं तर अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती एकदम १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे वर्षाहून जास्त झालं. दुसरं, संक्रांतीला जाऊबाई बाळाला घेऊन पहिल्यांदा इंदूरला येतायत, तेव्हा बाळ साडेचार महिन्यांचं असेल, बोरन्हाण करावं की पुढच्या वर्षी?


पंचांगवाले_काका
२२ नोव्हेंबर

ताई, आधी स्पष्ट सांगतो म्हणजे मनात राहायला नको. ज्येष्ठा गौरी नक्षत्रावर चालतात. भाद्रपदात अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. ते नक्षत्र गेलं की त्या वर्षीचं गेलं, नंतर वेगळा मुहूर्त काढून मुखवटे उभे करू नयेत, आमच्या घरी तरी कधी केलं नाही. आणि राहिल्या म्हणून दोषही नाही, सोयर-सुतकात राहिलेलं कुळाचार मोडलेला धरत नाहीत. हे तुमच्या सासूबाईंना घरच्या गुरुजींकडून एकदा ऐकवा, सुनेने सांगण्यात आणि गुरुजींनी सांगण्यात फरक पडतो, आमच्या मातोश्रींच्या वेळी मी हा अनुभव घेतलाय.


लष्करची_माहेरवाशीण
२२ नोव्हेंबर

अगं वाचून डोळ्यात पाणी आलं. माझं माहेर ग्वाल्हेरचं, लष्कर भागातलं, आमच्याकडेही उभ्या महालक्ष्म्या, धान्याच्या राशीवर. सोळा भाज्या, आंबील, पुरणाचे सोळा दिवे, मूळाच्या दिवशी मुरडीचे कानवले. ज्या बाईने हे इतकी वर्षं केलंय तिचा तो एक दिवस रिकामा गेला की काय होतं ते बाहेरच्याला नाही कळत, लोकांना वाटतं बरं झालं कामं वाचली.

मला वाटतं तू मार्गशीर्षातले गुरुवार कर ना! कालपासूनच मार्गशीर्ष लागलाय. महालक्ष्मीचंच व्रत आहे, कलश मांडायचा, पाच पानं, नारळ, कहाणी वाचायची, संध्याकाळी नैवेद्य, आणि शेवटच्या गुरुवारी उद्यापन, सवाष्णींना हळदीकुंकू, फळ आणि पोथी द्यायची. ज्येष्ठा-कनिष्ठेची जागा ते घेणार नाही, पण देवी तीच आहे. आणि त्या साड्या! त्या पेटीत ठेवू नकोस. आमच्याकडे कलशाला साडी नेसवतात, तांब्याखाली डबा ठेवून उंची द्यायची आणि निऱ्या घालायच्या. आईंनाच बसव नेसवायला, तू करायला जाऊ नकोस.


पंचांगवाले_काका
२३ नोव्हेंबर

गुरुवारची सूचना उत्तम. फक्त तारखांचं लक्षात ठेवा कारण इंदुरात घोटाळा होतो. शेजारपाजारचे हिंदी भाषक पौर्णिमान्त महिना धरतात, त्यांचा अगहन कार्तिकी पौर्णिमेनंतर लगेच लागला, त्यामुळे त्यांचे गुरुवार ६ नोव्हेंबरपासून सुरू झालेत आणि ४ डिसेंबरला संपतील. आपला महिना अमावास्येनंतर, म्हणून आपले गुरुवार २७ नोव्हेंबर, ४, ११ आणि १८ डिसेंबर असे चार. कोणी म्हणालं की तुम्ही उशीर केला तर गडबडून जाऊ नका. ४ तारखेला दत्तजयंतीही आहे. २६ ला चंपाषष्ठी, तेव्हा भरीत-रोडग्यांच्या दुसऱ्याच दिवशी पहिला गुरुवार येतो, तयारी आधी करून ठेवा.


बडोदेकर_आजी
२३ नोव्हेंबर

थोरल्या सूनबाई, तुझ्या सासूबाईंचं वय माझ्याच आसपासचं असणार. मी रावपुऱ्यात राहते, पन्नास वर्षं झाली. एक सांगू का, त्या जे म्हणाल्या ना, धाकटीला कळू देऊ नकोस, ते मला पटलं नाही. माझ्या थोरल्या नातवाच्या वेळी आमच्याही गौरी अशाच राहिल्या होत्या, मीही लपवलं, आणि सूनबाईला दोन वर्षांनी कुणा भलत्याच नातेवाइकाकडून कळलं. तिला तेव्हा जास्त लागलं. म्हणाली, आई तुम्ही मला सांगितलं असतं तर मी तुमच्याजवळ बसले असते. धाकटीला कळू दे. आता बाळ तीन महिन्यांचं होत आलं, तीही सावरली असेल. सासूने नातीचे लाड करायचे आणि त्याच तोंडाने सांगायचं की हो, मला त्या दिवशी चुकल्यासारखं झालं. दोन्ही खरं असतं बाळा.

बोरन्हाण जरूर करा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, यंदा रथसप्तमी २५ जानेवारीला आहे, तेव्हा एखादा रविवार धरा, आमच्या इथे तर १४-१५ ला सगळे गच्चीवर पतंगात असतात, कोणी खाली उतरत नाही. पण साडेचार महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावर बोरं, उसाचे करवे, गोळ्या टाकायच्या नाहीत. लागतं, आणि तोंडात गेलं तर घशात अडकेल. फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या, त्याही डोळे सांभाळून, बाकी बोरं-ऊस जमलेल्या मुलांना लुटायला. हलव्याचे दागिने काळ्या झबल्यावर पाच मिनिटं, फोटोपुरते, मग काढून ठेवा, त्याचे काटे कोवळ्या कातडीला टोचतात आणि बाळ चोखायला बघतं. आत घालायचं झबलं मऊ आणि जुनं हवं, धुतलेलं.

आणि आईंना आरास मांडायची हौस असेल तर चैत्र आहेच. चैत्रगौर २१ मार्चला बसेल, अक्षय्य तृतीया १९ एप्रिलला. देवघरातली अन्नपूर्णा झोपाळ्यात, पुढे पायऱ्यांची आरास, करंज्या-लाडू, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. तो महिनाभराचा सण आहे, घाई नसते, गुडघे दुखणाऱ्या बाईला सोयीचा.


राजेंद्रनगर
२४ नोव्हेंबर

मी पण इंदूरचीच. आमच्याकडे महालक्ष्म्या नाहीत, मला लहानपणापासून दुसऱ्यांच्या घरी जेवायला जायची सवय, आणि यंदा ज्यांच्याकडे जाते त्यांच्याकडेही सुतक होतं त्यामुळे मलाही चुकल्यासारखं झालं. गुरुवारी हळदीकुंकू ठेवलं तर सांगा, मी येईन. हलवा मी घरी करते, साबुदाण्यावर आणि खसखशीवर. अगदी मंद आचेवर कढईत हाताने हलवत एकेक चमचा पाक घालायचा, सलग दोन-तीन दिवस थोडा थोडा वेळ, तेव्हा काटा येतो, घाई केली की साखर नुसती चिकटते. डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडी असली की छान फुलतो. बाळाचं मुकुट-बाजूबंद मी करून देईन.


थोरली_सून_इंदूर
२८ नोव्हेंबर

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू कळत नाही. कालचा गुरुवार झाला, लगेच लिहायचं होतं पण रात्री उशीर झाला.

काकांनी म्हटल्याप्रमाणे गुरुजींना सोमवारी घरी बोलावलं. त्यांनी आईंना सांगितलं की दोष काही नाही, तेव्हा आईंनी फक्त एवढंच विचारलं की मुखवटे वर्षभर उघडायचेच नाहीत का. ते म्हणाले, पुसून, उजळून परत ठेवा की, त्याला कोण नाही म्हणतंय. मग मंगळवारी आईंनी चिंच-मिठाने दोन्ही मुखवटे स्वतः उजळले, मला हात लावू दिला नाही, लेकीला मात्र शेजारी बसवून फडकं धरायला दिलं. ती तेरा वर्षांची आहे, तिने पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले, नाहीतर महालक्ष्म्यांच्या गडबडीत मुलांना त्या खोलीत कोण येऊ देतं. ज्येष्ठेच्या कानापाशी एक छोटा पोचा आहे, तो आईंच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून मुखवटा निसटला तेव्हाचा. मी सतरा वर्षं ह्या घरात आहे, मला हे माहीतच नव्हतं.

काल कलश मांडला. हिरवी साडी आईंनी नेसवली, खुर्चीवर बसून, निऱ्या लेकीने धरल्या, तीनदा सुटल्या, चौथ्यांदा बसल्या. जांभळी ४ तारखेला. सोळा भाज्या नाहीत, पण आईंनी पुरण घातलंच, आणि पाच पुरणाचे दिवे केले, म्हणाल्या सोळांचा मान भाद्रपदाचा, हे माझ्या मनाचे.

आणि आजी, तुमचं ऐकलं. आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावला, बाळ मांडीवर, आणि आरती झाल्यावर आईंनी धाकटीला आपणहून सांगितलं सगळं, त्या दुपारचं, साड्यांचं. मी फोन धरून उभी होते, माझाच हात थरथरत होता. धाकटी थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, आई, मला तेव्हाच अंदाज आला होता, मी पण दवाखान्यात त्या दिवशी ह्यांना सारखं विचारत होते की घरी काय करतायत. मग दोघी रडल्या आणि बाळ त्यांच्याकडे बघून रडायला लागलं तेव्हा आई एकदम गप्प झाल्या आणि तिला टाळ्या वाजवून दाखवायला लागल्या.

जाऊबाईंनी आता तिकीट बदललंय. संक्रांतीला नाही, १७ डिसेंबरलाच येतायत, शेवटच्या गुरुवारसाठी, आणि रथसप्तमीपर्यंत इथेच राहणार. बोरन्हाण १८ जानेवारीच्या रविवारी करतोय, फक्त चुरमुरे आणि शेवंतीच्या पाकळ्या. राजेंद्रनगरवाल्या ताई, हलव्याचं मनापासून हो आहे, बाळाच्या मनगटाचं माप धाकटीकडून घेऊन पाठवते. आणि १८ डिसेंबरला संध्याकाळी हळदीकुंकू आहे, इंदुरात ज्या कोणी असाल त्या सांगा, पत्ता मेसेज करते. आईंनी आत्ताच विचारलंय की किती जणी येणार, म्हणजे पुरण त्या हिशोबाने घालायला.