चीनमधले द्रुतगती महामार्ग आणि जमिनीखालचा वारसा: आखणीपासून काम थांबवण्यापर्यंत

आडवाट (प्रश्न)

चीनमध्ये द्रुतगती महामार्गांची लांबी 1,80,000 किमीच्या पुढे गेली आहे. त्याच देशात 2007 ते 2011 या काळात झालेल्या तिसऱ्या राष्ट्रीय गणनेत 7,66,722 स्थावर वारसास्थळं नोंदवली गेली. न नोंदवलेली, जमिनीखाली असलेली वेगळीच. म्हणजे रस्ता आणि वारसा एकमेकांच्या वाटेत येणारच.

मला तिथली प्रत्यक्ष कामाची पद्धत समजून घ्यायची आहे. पुरातत्त्व विभाग नेमका कोणत्या टप्प्यावर येतो? खर्च कोण करतं? शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीखाली काय आहे हे शोधतात कसं? काम चालू असताना काही सापडलं तर किती दिवस थांबावं लागतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, एवढे नियम असूनही नुकसान कुठे होतं?

गाळपेर (उत्तर)

आधी कायदा. मूळ सांस्कृतिक वारसा संरक्षण कायदा 1982 चा. 2002 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा सुधारणा होऊन नवं रूप 1 मार्च 2025 पासून लागू झालं.

मोठ्या बांधकामाचा नियम असा: प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेने काम सुरू करण्याआधी प्रांताच्या वारसा विभागाला कळवायचं. तो विभाग परवानाधारक पुरातत्त्व संस्थेकडून त्या पट्ट्याची पाहणी आणि चाचपणी (जमिनीत छिद्रं घेऊन तपासणं) करून घेतो. ठेकेदाराने आपल्या मर्जीतला माणूस आणून ‘इथे काही नाही’ असा कागद घेतला तर तो चालत नाही. पाहणी, चाचपणी आणि उत्खनन या तिन्हींचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरावा लागतो.

काही सापडलं तर पर्यायांचा क्रम ठरलेला आहे. पहिला पर्याय रस्ता वळवण्याचा. तो शक्य नसेल तर अवशेष जागेवरच राखायचे. तेही अशक्य असेल तरच वास्तू हलवायची, आणि त्याची मंजुरी वरून घ्यावी लागते. राष्ट्रीय दर्जाची संरक्षित स्थळं 5,058 आहेत. ती पाडता येत नाहीत आणि हलवायची झाली तर प्रस्ताव थेट राज्य परिषदेपर्यंत, म्हणजे केंद्रीय मंत्रिमंडळापर्यंत जातो.

चीनच्या भिंतीसाठी 2006 चे वेगळे नियम आहेत आणि ते रस्तेवाल्यांनी पाठच करावेत असे आहेत. भिंतीला वळसा घालायचा. वळसा शक्य नसेल तर खालून भुयारी मार्ग काढायचा. तोही जमत नसेल तर वरून पूल न्यायचा. भिंत पाडणं, फोडून आरपार जाणं किंवा हलवणं याला मुळीच परवानगी नाही. सगळ्या राजवटींच्या भिंती मिळून लांबी 21,196 किमी भरते. त्यातली कितीतरी माती चोपून बांधलेली आणि झिजून बांधाएवढी उरलेली आहे. पर्यटकांच्या फोटोत दिसते तशी विटांची भिंत शोधणाऱ्या यंत्रचालकाला ती ओळखूच येत नाही. म्हणून नकाशावरची खूण पुरेशी नसते, जागेवर खुंट्या आणि दोरी लावावीच लागते.

2024 च्या सुधारणेतला सगळ्यात उपयोगी बदल म्हणजे ‘आधी पुरातत्त्व, मग जमीन’. जिथे अवशेष असण्याची शक्यता आहे अशी क्षेत्रं प्रांताच्या वारसा विभागाने आधीच आखायची आणि तिथली जमीन प्रकल्पाला देण्यापूर्वी चाचपणी करून घ्यायची. जमीन ताब्यात, यंत्रं उभी, मुदत डोक्यावर आणि त्यानंतर पुरातत्त्ववाले दारात, अशी पाळी या क्रमाने टळू शकते.

थरवाचक

शोधतात कसं, त्याबद्दल लिहितो.

सुरुवात पायी पाहणीने होते. जुने तालुका-वृत्तांत, उपग्रहचित्रं आणि गणनेच्या नोंदी हाताशी घेऊन माणसं आखणीच्या दोन्ही बाजूंनी चालतात. खापरं, विटांचे तुकडे, नांगरटीत वर आलेली राख, ओढ्याच्या कडेला उघडे पडलेले थर हे सगळं टिपतात. ही पाहणी सुसाध्यता अहवालाच्या टप्प्यावरच व्हायला हवी, कारण तेव्हा रेषा दोनशे मीटर सरकवायला फारसा खर्च येत नाही. पुलांचे खांब आणि बोगद्यांची तोंडं ठरल्यावर तीच रेषा वीस मीटर हलवणंही अवघड होतं.

पुढची पायरी चाचपणीची. त्यासाठी मुख्य हत्यार लुओयांग फावडं. उभ्या चिरलेल्या नळीसारखं अर्धगोल पातं आणि त्याला लांब दांडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुओयांग भागातल्या थडगेचोरांनी ते वापरात आणलं, पुढे पुरातत्त्वज्ञांनी उचललं. सरळ खाली मारायचं, थोडं फिरवायचं आणि वर काढायचं. पात्यात मातीचा नमुना जसाच्या तसा येतो. छिद्रं ‘आलुबुखार-फूल’ मांडणीत घेतात: दोन-दोन मीटरच्या चौकोनाचे चार कोपरे आणि मधोमध एक. या हिशोबाने हेक्टरी सुमारे 5,000 छिद्रं होतात. चौपदरी मार्गाचा 26 मीटरचा पट्टा धरला तर एका किलोमीटरला 13,000, आणि संपादित जमीन त्याहून रुंद असते. संशय आला की मांडणी एक मीटरवर आणतात.

छिद्र कोऱ्या मातीपर्यंत, म्हणजे माणसाचा हात न लागलेल्या थरापर्यंत न्यायचं असतं. पात्यात ‘पंचरंगी माती’ आली, म्हणजे वेगवेगळ्या थरांची सरमिसळ झालेली, तर तो बहुधा खणून पुन्हा भरलेला खड्डा, पुष्कळदा थडगं. पातळ पापुद्र्यांत सुटणारी घट्ट माती म्हणजे तुडवलेला जुना रस्ता किंवा जमीन. सारख्या जाडीचे टणक थर लागले तर चोपून बांधलेली भिंत किंवा चौथरा. मऊ, काळपट, कोळसा आणि खापरं मिसळलेली माती निघाली तर कचऱ्याचा खड्डा.

चूक होते ती हे हत्यार सगळीकडे सारखंच चालतं असं धरल्याने. उत्तरेच्या पिवळ्या, वाऱ्याने साचलेल्या लोएस मातीत ते अप्रतिम चालतं. दक्षिणेच्या भातखाचरांत पाण्याखालची वाळू छिद्रातच ढासळते. गोट्यांच्या थरावर पातं अडतं आणि मजूर ‘खाली कोरी माती’ असं लिहून मोकळा होतो. अशा ठिकाणी चाचणीचे चर खणण्याला पर्याय नाही.

अवशेष नक्की झाले की उत्खनन. त्याची मंजुरी राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा प्रशासनाकडून घ्यावी लागते. मुदत फारच जवळ असेल किंवा अवशेष नैसर्गिक कारणाने नष्ट होण्याचा धोका असेल, तर प्रांत काम सुरू करून मंजुरीचे सोपस्कार सोबत पूर्ण करू शकतो. 5×5 किंवा 10×10 मीटरचे चौकोन आखतात आणि पूर्व व उत्तर बाजूला एक मीटरची पट्टी न खणता सोडतात, कारण थरांचा उभा छेद तिच्यावरच वाचता येतो. म्हणजे 25 चौरस मीटरच्या चौकोनात आधी फक्त 16 चौरस मीटर खणले जातात. घाई झाली की ही पट्टी पहिली उडवली जाते. मग वस्तू हाती राहतात, पण कोणती कोणत्या थरातली हे सांगायला काहीच उरत नाही. नीट केलेल्या कामाचं उदाहरण म्हणजे शीआनच्या उत्तरेला फूशियन तालुक्यातला छिन राजवटीच्या काळातला ‘सरळ रस्ता’. छिंगदाओ ते लानझोऊ द्रुतगती मार्गाच्या कामाच्या निमित्ताने 2009 मध्ये त्याचं उत्खनन झालं. इसवी सनपूर्व 212 मध्ये सुरू झालेल्या रस्त्याची माहिती आजच्या रस्त्यामुळे हाती आली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

भरावखोदाई

वरचं सगळं बरोबर आहे, पण मूळ प्रश्नातला शेवटचा भाग राहिला: नुकसान कुठे होतं?

माझं स्पष्ट मत आहे की मुख्य पट्ट्यापेक्षा बाहेरच्या तात्पुरत्या जमिनीत धोका जास्त असतो. चाचपणी होते ती संपादनाच्या लाल रेषेच्या, म्हणजे संपादित जमिनीच्या हद्दीच्या आत. मात्र भरावासाठी माती उचलायच्या खाणी, जास्तीची माती टाकायच्या जागा, डंपरचे कच्चे रस्ते, काँक्रीट मिसळायचा प्लांट, गर्डर (पुलाच्या तुळया) ओतायचं आवार आणि मजुरांच्या वसाहती या जागा ठेकेदार नंतर, स्वतः निवडतो. त्यातही मातीची खाण सर्वांत वाईट. भरावाला माती सोयीची मिळते ती उंच, कोरड्या टेकाडावर, आणि जुनी वस्ती व दफनभूमीही अशाच टेकाडावर असते. त्यामुळे निविदेतच अट हवी: प्रत्येक तात्पुरत्या जागेचे कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश पुरातत्त्व संस्थेला आधी द्यायचे आणि लेखी होकार आल्याशिवाय पोकलेन उतरवायचं नाही. जागा बदलली तर हे सगळं पुन्हा करायचं.

दुसरं, पाणी. लोएस माती कोरडी असते तेव्हा भक्कम, भिजली की बसते. रस्त्याच्या गटाराचं तोंड चोपलेल्या मातीच्या भिंतीकडे काढलं तर यंत्राचा धक्काही न लागता दोन-तीन पावसाळ्यांत भिंत खचते. मोरीचं पाणी पक्क्या चरातून उताराच्या खालच्या अंगाला न्यायचं.

तिसरं, ‘जागेवर राखलं’ असं म्हणत वर भराव टाकणं. आठ-दहा मीटर उंच भरावाखाली पोकळ विटांचं थडगं टिकत नाही. अशा जागी पूल बरा, पण खांब कुठे येणार हे चाचपणीच्या नकाशावर बसवूनच गाळ्यांची (दोन खांबांमधल्या अंतरांची) लांबी ठरवायला हवी. पाइलसाठी (खांबाखालच्या खोल पायासाठी) लागणारा चिखलाचा खड्डा आणि क्रेनची बैठक यांची जागाही त्यात मोजायची. नकाशावर पाइल एवढंसं वर्तुळ दिसतं, प्रत्यक्षात भोवतालची सगळी जमीन तुडवली जाते.

आडवाट

फार उपयोगी माहिती, आभार. आणखी एक विचारतो. अवशेष जमिनीवर असतील, म्हणजे जुना विटांचा मनोरा किंवा लेणी, तर कंपनांची मर्यादा काय? आणि काम चालू असताना अचानक काही सापडलं तर पहिल्या तासात काय करायचं?

कंपमापी

कंपनांबद्दल दोन वेगळी मानकं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

वाहतूक, रेल्वे, यंत्रं यांच्या सततच्या कंपनांसाठी 2008 चं जीबी/टी 50452 (जीबी म्हणजे चीनचं राष्ट्रीय मानक). राष्ट्रीय दर्जाच्या विटांच्या वास्तूला माथ्याजवळ आडव्या दिशेने 0.15 ते 0.20 मिमी प्रति सेकंद एवढीच मुभा. लाकडी वास्तूला 0.18 ते 0.22, दगडी वास्तूला 0.20 ते 0.25. नेमका आकडा त्या वास्तूतल्या ध्वनिलहरीच्या वेगावरून ठरतो, म्हणून तो आधी मोजावा लागतो. सुरुंगासाठी 2014 चं जीबी 6722. त्यात प्राचीन वास्तूंना 10 हर्ट्झ वारंवारतेपर्यंत 1 ते 2 मिमी प्रति सेकंद आणि 50 हर्ट्झच्या वर 3 ते 5. सुरुंगाचा आकडा हाती धरून रोजच्या वाहतुकीला मंजुरी देणं ही गंभीर चूक आहे.

अंतराचा अंदाज असा बांधतात: स्फोटक आणि अंतर यांवरून कंपनांचा वेग (सेमी प्रति सेकंदात) काढायच्या सूत्रात मध्यम कठीण खडकासाठी स्थिरांक 200 आणि घातांक 1.65 धरला, मर्यादा 2 मिमी प्रति सेकंद ठेवली, तर एका विलंबात, म्हणजे एकाच क्षणी उडणाऱ्या भागात, 1 किलो स्फोटकाला सुमारे 66 मीटर अंतर लागतं आणि 8 किलोला सुमारे 132 मीटर. म्हणजे एकूण स्फोटक तेवढंच ठेवून विलंब वाढवले तरी खूप फरक पडतो. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर (प्रत्येक भाग ठरल्या क्षणी उडवणारे) त्यासाठीच. बादालिंग इथे चीनच्या भिंतीखालून गेलेल्या बीजिंग–झांगजियाकोऊ रेल्वेच्या कामात ते वापरले गेले. स्थिरांक मात्र पुस्तकातून उचलू नका, छोटे चाचणी-स्फोट घेऊन जागेवर काढा.

कंपन करणारा रोलर सात-आठ मीटरवर जमिनीत 5 मिमी प्रति सेकंदाच्या आसपास कंपनं देतो. वास्तूजवळ कंपन बंद ठेवून नुसत्या वजनाने दाबायचं, थर पातळ घ्यायचा आणि फेऱ्या वाढवायच्या. वेळ जास्त लागतो, तो वेळापत्रकात आधीच धरावा.

कधीकधी रस्ता दूर नेणं हाच इलाज उरतो. दातोंगजवळच्या युनकांग लेण्यांसमोरून 109 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर कोळशाचे ट्रक जात आणि त्यांची काळी धूळ मूर्तींवर बसे. 1998 मध्ये तो भाग वळवला गेला. हांगझोऊजवळच्या लियांगझू या प्राचीन स्थळातून जाणारा 104 क्रमांकाचा महामार्गही पुढे दक्षिणेला सरकवला.

थरवाचक

पहिल्या तासाबद्दल. कायद्याने जागा जशीच्या तशी राखून लगेच स्थानिक वारसा विभागाला कळवायचं. विभागाने 24 तासांत जागेवर पोचायचं आणि 7 दिवसांत पुढे काय करायचं ते सांगायचं. हे 7 दिवस निर्णयाचे आहेत. उत्खनन लागलं तर ते महिनोन्महिने चालू शकतं.

प्रत्यक्षात आधी बकेट वर उचलायची आणि यंत्र आल्या वाटेने मागे घ्यायचं, सापडलेल्या जागेवर वळवायचं नाही. उघडं पडलेलं हाताने उकरायचं नाही आणि धुवायचं तर नाहीच. डंपरमध्ये गेलेली माती कुठे टाकली ते लगेच लिहून तो ढीग वेगळा राखायचा. चेंगदूमधलं जिनशा स्थळ 2001 मध्ये चर खणताना सापडलं, तेव्हा उपसलेल्या मातीतही हस्तिदंत आणि जेडच्या वस्तू होत्या. मग दोरीचं कुंपण घालायचं, रात्रीचा पहारा बसवायचा आणि फोटो समाजमाध्यमांवर जाऊ द्यायचे नाहीत. थडगेचोर बातमीची वाटच पाहत असतात.

हूबेई आणि हूनानमध्ये आणखी जपायला हवं. खोदताना करड्या-पांढऱ्या चिकट मातीचा थर लागला आणि त्याबरोबर कोळसा आला, तर तिथेच थांबा. प्राचीन चू राज्य आणि हान राजवटीच्या काळातल्या थडग्यांना हवाबंद करणारा तो थर असतो. तो फुटला की आत प्राणवायू जातो आणि दोन हजार वर्षं टिकलेलं लाकूड, रेशीम, लाखकाम बिघडू लागतं. असा खड्डा कोरडा करायला पंप लावू नका. ओलं लाकूड उघडं पडलं असेल तर ओल्या कापडाने झाकून वर प्लास्टिक टाका, उन्हात राहू देऊ नका.

भरावखोदाई

वरच्यात एक भर. हे सगळं पोकलेनच्या चालकाला माहीत असायला हवं, अभियंत्याला असून भागत नाही, कारण पहिली नजर त्याची पडते. केबिनमध्ये एक पान लावायचं: रंग बदललेली माती, चौकोनी विटा, रांगेत दगड, हाडं, कोळशाचा थर यांचे फोटो आणि खाली फोन नंबर. त्याला तासावर किंवा घनमीटरवर पैसे मिळत असतील तर थांबलेल्या वेळाची मजुरी करारात लिहा. ती नसेल तर तो बकेट उचलणार नाही, माती ओढून पुढे जाईल, आणि तिथे काय होतं हे कोणालाच कळणार नाही. चीनच्या फौजदारी कायद्यात निष्काळजीपणाने महत्त्वाचा वारसा नष्ट केल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आहे, पण जे कोणी पाहिलंच नाही त्याचा खटला उभा राहत नाही.