अनुभव धागा : थिसिस झाला, आता यश कशाला म्हणायचं?

धागा काढताना (रसायनशास्त्र, साडेपाच वर्षं)

पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा, संपला, परीक्षकांनी हात मिळवून 'अभिनंदन, डॉक्टर' म्हटलं आणि तासाभराने मी लॅबमधला माझा फ्रिज रिकामा करत होते. शंभरेक कुप्या, प्रत्येकीवर माझ्या अक्षरातली तारीख. पहिल्या वर्षीचं अक्षर टपोरं, शेवटच्या वर्षीचं मलाच वाचता येईना. त्यातल्या चार कुप्यांमधली संयुगं थिसिसमध्ये आली. बाकीच्या एकेक करून घातक कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

आनंद झाला होता, नाही असं नाही. दोन दिवसांत ओसरला. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-पदासाठी, अर्ज केला नव्हता, करावासा वाटत नव्हता आणि जो भेटेल तो 'आता पुढे काय?' विचारत होता. तेव्हा लक्षात आलं की यश म्हणजे काय हे मी कधी ठरवलंच नव्हतं. लॅबमध्ये पाऊल ठेवलं त्या दिवशी ते आयतं हातात मिळालं होतं: संशोधनाचे पेपर, पोस्टडॉक, मग कायमची नोकरी.

तुमच्या बाबतीत या शब्दाचं काय झालं, ते लिहा. सल्ले नकोत, घडलं ते सांगा.

भौतिकशास्त्र, सहा वर्षं

माझ्यासाठी यश म्हणजे एच-इंडेक्स. २००५ मध्ये हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेलं माप. दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात तुमच्या पेपरचा संदर्भ दिला की ते एक सायटेशन; निदान पाच-पाच सायटेशन्स असलेले पाच पेपर असले की तुमचा आकडा पाच. माझा तीन होता. सकाळी दात घासायच्या आधी मी तो बघायचो. चार व्हायला एका पेपरला एकच सायटेशन कमी होतं आणि त्या एकासाठी चौदा महिने गेले. ज्या दिवशी चार झाला, त्या दिवशी दुपारपर्यंत पाचचा हिशेब सुरू झाला होता.

मग हवामानाच्या अंदाजाचं सॉफ्टवेअर लिहायच्या नोकरीत गेलो. गाईड वाईट काही बोलले नाहीत. 'ठीक आहे' म्हणाले. ते 'ठीक आहे' वर्षभर कानात होतं.

नोकरीतल्या पहिल्या महिन्यात अंदाज देणाऱ्या एका बाईंचा फोन आला. एका डोंगराळ भागात पहाटेचं तापमान रोज दोन अंश जास्त दाखवतंय म्हणाल्या. रात्री थंड हवा उतारावरून दरीत उतरून साचते, आणि आमच्या मॉडेलच्या जाळीत ती दरीच नव्हती. जाळीचे चौकोन इतके मोठे की डोंगर आणि दरी मिळून एक सपाट पठार झालं होतं. त्या ठिकाणासाठी दरीत साचणाऱ्या थंड हवेची दुरुस्ती बसवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला: 'आज बरोबर आलं.' माझ्या एकाही पेपरला इतक्या लवकर उत्तर आलेलं नाही.

तरी खरं सांगतो, बरोबरच्या कुणाला प्राध्यापकी मिळाल्याचं कळलं की पोटात कालवतं. ते गेलेलं नाही.

इतिहास

धाग्यात 'थिसिस झाला' म्हटलंय. माझा झाला नाही, चौथ्या वर्षी सोडला. तरी लिहिते.

सोडल्यावर वर्षभर मी सगळ्यांना 'लिहिणं चालू आहे' असंच सांगत होते. त्या खोट्याने जेवढी दमले, तेवढी थिसिसने कधी दमले नव्हते. शेवटी आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, 'मला केव्हाच कळलं होतं. तू रात्रीची झोपायला लागलीस.'

संख्याशास्त्र, पाच वर्षं

वरच्या ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

२०१८ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त एक सर्वेक्षण आलं होतं. २६ देशांतले २,२७९ जण, त्यात बहुतेक पीएचडी करणारे. मध्यम ते तीव्र चिंतेची लक्षणं ४१ टक्क्यांमध्ये; सर्वसाधारण लोकांमध्ये ६ टक्के. ज्यांना त्रास होता त्यांनीच ते जास्त भरलं असणार, हे माझ्या विषयामुळे मला लगेच दिसतं. आकडा थोडा खाली आणा हवं तर. पण मी खोलीचं दार लावून 'बाकी सगळ्यांना जमतंय, मलाच जमत नाही' म्हणत बसले होते, तेव्हा हे माहीत असतं तर निदान दार उघडलं असतं.

यशाबद्दल इतकंच सांगू शकते. पदवीनंतरच्या अकराव्या महिन्यात एका रविवारी मी एक कादंबरी वाचली, आणि 'याचा थिसिसला उपयोग काय?' हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. असा रविवार सहा वर्षांत पहिल्यांदा आला होता.

पेशीजीवशास्त्र, सात वर्षं

मला सगळ्यांनी जीवरसायनशास्त्रज्ञ कॅटालिन कारिकोंची गोष्ट सांगितली. १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांची पदावनती केली, त्या एमआरएनएवर (पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणाऱ्या रेणूवर) काम करत राहिल्या, २०२३ मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण या गोष्टीने धीर येत नाही. कारण ती शेवटी हेच सांगते की थांब, बक्षीस येईल. आणि नाही आलं तर?

मला धीर दिला तो डग्लस प्रॅशर यांनी. जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा, जीएफपीचा, जीन त्यांनी वेगळा केला आणि १९९२ मध्ये पेपर लिहिला. पुढच्या कामाला पैसे मिळाले नाहीत. तेव्हा त्यांनी तो जीन मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना देऊन टाकला. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघांना आणि ओसामू शिमोमुरांना मिळालं. प्रॅशर तेव्हा मोटारींच्या एका डीलरकडे ग्राहकांची व्हॅन चालवत होते. हा अन्याय आहे आणि मी तो गोड करून सांगणार नाही.

पण सात वर्षं मी रोज तो जीन वापरला. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, निळा प्रकाश सोडायचा, की काळ्याभोर पार्श्वभूमीवर पेशीचा एकेक धागा हिरवा उजळायचा. जगभरच्या किती लॅबमध्ये किती जणांनी हे पाहिलं असेल. या माणसाला अयशस्वी म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि न म्हणायला नोबेलची गरजही वाटत नाही.

माझा मुख्य पेपर दोनदा नाकारला गेला, तिसऱ्यांदा एका छोट्या जर्नलमध्ये आला. लॅब सोडताना मी माझी पद्धत बारीकसारीक तपशिलांसह लिहून ठेवली होती. द्रावण गार असलं की का बिघडतं, कुठे हात हलका ठेवायचा, सगळं. आठ महिन्यांनी एका अनोळखी विद्यार्थिनीची मेल आली: पहिल्याच फटक्यात जमलं. खाली फोटो. हिरवा.

प्राध्यापक, पंधरा वर्षं गाईड

मी त्या वाटेवर टिकलो. पेपर झाले, की कायम होणं, कायम झालो, की ग्रँट, म्हणजे संशोधनाला पैसे. मुक्काम सरकतच राहतो, एवढं माझ्याकडून.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात त्या आकड्यावरून, एकेका संशोधकाची किंमत करू नये, असं संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या डोरा या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलंय. मी त्यावर सही केली आहे. आणि पुढच्याच निवड समितीत अर्ज चाळताना माझी नजर आधी जर्नलच्या नावावर गेली. तेव्हापासून मी अर्जदाराचा एक पेपर पूर्ण वाचल्याशिवाय त्याच्या पेपरांची यादी उघडत नाही. वेळ फार जातो. विद्यार्थी गेला की 'कुठे लागला?' विचारायचो, तेही सोडलंय. 'आता दिवसभर काय करतोस?' विचारतो. उत्तरं लांब येतात.

भूगोल, निवृत्तीनंतर पीएचडी

मी साठीनंतर नाव नोंदवलं, त्यामुळे नोकरीचा प्रश्न नव्हता. नद्यांच्या उतारावर काम केलं. व्हायवाच्या आदल्या रात्री उजळणी करताना चौथ्या प्रकरणातल्या एका तक्त्यात चूक सापडली. रात्रभर डोळा लागला नाही. व्हायवात मीच उभं राहून ती दाखवली. निष्कर्ष बदलत नव्हता, म्हणून परीक्षकांनी करेक्शनमध्ये घालायला सांगितलं आणि शेवटी विचारलं, 'आता पुढे काय?'

'तो तक्ता,' मी म्हटलं.

गेल्या आठवड्यात पुरा झाला. एका उपनदीची लांबी सरळ रेषेत मोजली होती, वळणं धरलीच नव्हती. वळणांसकट ती जवळपास दीडपट भरली.