नुसत्या सर्टिफिकेटवर क्लायंट टिकत नाहीत

फिटनेस ट्रेनरचं सर्टिफिकेट मिळालं की क्लायंट आपोआप येतात, असं म्हणतात. तसं होत नाही हो. एसीई किंवा एनएएसएम या अमेरिकन संस्थांचा ट्रेनरचा कोर्स जरूर करा, सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून करायचा प्रथमोपचार, तर शिकाच. पण माणूस टिकतो तो पहिल्या तासावर. पन्नाशीतल्या काकू आल्या की लगेच हातात डंबेल देऊ नका. बीपी, शुगर, जुनी दुखणी, झोप आधी विचारा. मग खुर्चीवरून उठबस करायला सांगा आणि गुडघे आत वळतात का, टाचा उचलतात का, ते नीट बघा. बीपीवाल्यांना वजन उचलताना श्वास रोखू देऊ नका, दाब एकदम चढतो. आणि कमिशनसाठी प्रोटीनचे डबे गळ्यात मारणं मला मनापासून खटकतं. रोजच्या ताटातच उसळ वाढवा, दही घ्या, हे सांगता आलं पाहिजे.